पोर्टलवर शंभर टक्के, परीक्षेत मात्र कोरं पान

ताई,
मी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे निम्म्याहून जास्त विषय ऑनलाइन असतात. लेक्चरचं रेकॉर्डिंग पोर्टलवर येतं, ते बघायचं, खालची छोटी क्विझ सोडवायची, असाइनमेंट अपलोड करायची. मी एकही रेकॉर्डिंग सोडत नाही. अवघड वाटलं तर तेच पुन्हा बघते, बहुतेक वेळा दीडपट वेगाने. पोर्टलवर माझ्या नावापुढे "१०० टक्के पूर्ण" असं हिरव्या अक्षरांत दिसतं. आणि तरी संख्याशास्त्राच्या पेपरात प्रश्न समोर आला तेव्हा पान कोरं राहिलं. व्हिडिओ बघताना सगळं कळत होतं, ताई! नापास झाले. सहा आठवड्यांनी फेरपरीक्षा आहे.

शंका विचारायची तर पोर्टलवरच्या चर्चेच्या पानावर स्मशानशांतता. आठवड्यातून एकदा लाइव्ह तास होतो, त्यात सगळ्यांचे कॅमेरे बंद, सगळे म्यूट. मैत्रीण म्हणते, एआयला विचार, मिनिटात उत्तर मिळतं. घरी म्हणतात, "तुमची पिढी मोबाइल हातात घेऊनच जन्मली, तुम्हाला कसलं अवघड?" मग वाटतं, माझ्यातच खोट आहे. की ऑनलाइन शिकणं हा माझा पिंडच नाही?
– शंभर टक्केवाली

प्रिय शंभर टक्केवाली,

"व्हिडिओ बघताना सगळं कळत होतं." तुझ्या पत्रातलं हे वाक्य सगळ्यात कामाचं आहे, आणि तू ते जाता जाता लिहून पुढे गेलीस. आपण जरा तिथेच थांबू. कळत होतं हे खरंच असणार. शिकवणारा माणूस चांगला असला, स्लाइड नीट आखलेली असली, गणित पायरीपायरीने पुढे सरकत असलं की प्रत्येक पायरी पटत जाते. पण त्या पायऱ्या टाकत होतं कोण? तुझे सर. तू मनातल्या मनात "बरोबर, बरोबर" म्हणत मागून चालत होतीस. परीक्षेत पहिली पायरी तुला टाकायची होती, आणि तो सराव तुला एकदाही झालेला नव्हता.

रस्त्यात एखादा ओळखीचा चेहरा भेटतो. आपण हसतो, पाच मिनिटं बोलतोही, आणि नाव मात्र काही केल्या आठवत नाही. ओळखणं आणि आठवणं ही डोक्याची दोन निराळी कामं आहेत. रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा बघून पहिलं काम पक्कं होतं. पेपर मागतो दुसरं.

या भ्रमावर एक मजेदार प्रयोग झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ शाना कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये विद्यार्थ्यांना एक अगदी छोटा व्हिडिओ दाखवला. विषय असा, की तीन रंगांची मांजरं जवळजवळ सगळी माद्याच का असतात. मजकूर दोन्ही गटांना तोच. फक्त एका गटाला दिसली ताठ उभी राहून, समोर बघत, न अडखळता बोलणारी व्यक्ती, आणि दुसऱ्या गटाला दिसली कागदावर वाकून, चाचरत वाचणारी. पहिल्या गटाला वाटलं, आपल्याला पुष्कळ लक्षात राहणार. प्रत्यक्ष विचारल्यावर दोन्ही गटांची मजल सारखीच निघाली, आणि ती बेताचीच होती. बोलणं सफाईदार असलं की ऐकणाऱ्याला आपलंच डोकं सफाईने चालतंय असं वाटतं. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तर सगळ्या अडखळण्या कापून टाकलेल्या असतात!

आता त्या हिरव्या अक्षरांबद्दल. पोर्टल काय मोजतं? व्हिडिओ सुरू झाला, शेवटपर्यंत गेला, क्विझ सबमिट झाली, फाइल वेळेत चढली. थोडक्यात, हजेरी. तू त्या वेळी विचार करत होतीस की दुसऱ्या टॅबमध्ये काही भलतंच चाललं होतं, हे त्याला कळायचा मार्ग नाही. त्या आकड्यावर रागावू नकोस, पण त्याला प्रगतिपुस्तकही समजू नकोस. आणि खालच्या क्विझचं काय? बहुतेक ठिकाणी त्या पर्याय निवडण्याच्या असतात, व्हिडिओ संपल्या संपल्या सोडवायच्या असतात, आणि चुकलं तर पुन्हा प्रयत्न करता येतो. म्हणजे तिथेही ओळखण्याचीच परीक्षा, तीही मजकूर डोक्यात गरम असताना. मी तुझ्या जागी असते तर ती क्विझ दुसऱ्या दिवशी सोडवली असती. प्रश्न वाचायचा, पर्याय हाताने झाकायचे, आपलं उत्तर कागदावर लिहायचं, मगच हात काढायचा. आपलं उत्तर चार पर्यायांत नसलंच, तर काय शिकायचं राहिलंय हे आपोआप कळतं.

याला आधार आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ मधला प्रयोग शिक्षणाच्या क्षेत्रात फार गाजला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत परत परत वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचला, आणि पुढची तिन्ही सत्रं कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के मजकूर आठवत होता, आणि आठवून लिहिणाऱ्यांना साधारण ६१ टक्के. यातली खोच अशी, की आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. तुझं दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग बघणं म्हणजे हेच परत परत वाचणं, फक्त आवाजासकट.

मग करायचं काय, ते तुझ्याच विषयातून दाखवते. समजा, व्हिडिओत स्टँडर्ड एररचं, म्हणजे नमुन्यावरून काढलेली सरासरी साधारण किती चुकू शकते त्या मापाचं, सूत्र आलं: स्टँडर्ड डेव्हिएशनला, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्या मापाला, नमुन्याच्या आकाराच्या वर्गमूळाने भागायचं. सरांनी ते लिहिलं, तू मान डोलावलीस, वहीत उतरवून घेतलंस. आता व्हिडिओ थांबव आणि स्वतःला विचार: नमुना २५ जणांचा होता, तो १०० जणांचा केला, तर एरर किती होईल? पुष्कळ जण पटकन सांगतात, पाव होईल. नमुना चौपट झाला ना. कागदावर मांडून बघ. २५ चं वर्गमूळ ५, १०० चं १०. एरर निम्मीच होते. म्हणजे अंदाज दुप्पट अचूक हवा असेल तर माणसं चौपट गाठावी लागतात. सर्वेक्षणं एवढी महाग का पडतात, याचं एक कारण त्या छोट्याशा वर्गमूळात दडलंय. हे एकदा स्वतः चुकून, खोडून, पुन्हा मांडून काढलंस की सूत्र पाठ करावं लागत नाही. सरांनी हेच उदाहरण स्क्रीनवर सोडवून दाखवलं असतं, तर तू पुन्हा "बरोबर" म्हणाली असतीस आणि पुढे गेली असतीस.

तर रेकॉर्डिंग बघायची रीत बदल. सर एखादं उदाहरण मांडतात आणि "आता याचं उत्तर काढू" म्हणतात ना, तिथे पॉज. पुढची ओळ तू लिही. चुकीची का असेना, लिही. मग प्ले. लेक्चर संपलं की वही मिट, लॅपटॉप मिट, कोरा कागद घे आणि दहा मिनिटं काय आठवतं ते लिहून काढ. नंतर वही उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनाने भर. हा दुसरा रंग फार बोलका असतो; परीक्षेआधी वाचायचं ते तेवढंच. पन्नास मिनिटांच्या लेक्चरला यात दीड तास जाईल. जाऊ दे. तू दोनदा बघत होतीसच की.

एक सूचना आधीच देऊन ठेवते, नाहीतर चौथ्या दिवशी तू हे सोडून देशील. या पद्धतीने अभ्यास करताना आपल्याला काहीच येत नाही असं वाटेल. हार्वर्डमध्ये लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमात हे तपासलं होतं. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. काही विद्यार्थ्यांनी उत्तम वक्त्याचं व्याख्यान ऐकलं, बाकीच्यांनी तोच भाग गटात झटापट करून प्रश्न सोडवत शिकला. चाचणीत झटापट करणारे पुढे गेले. "किती शिकलात?" असं विचारलं तेव्हा मात्र "कमी" म्हणणारेही तेच होते. डोकं शिणलं की माणसाला वाटतं, आपल्याला जमत नाहीये. तेव्हा तुझ्या वाटण्यावर पुढचे काही दिवस फार विसंबू नकोस. कागदावर काय उतरतंय ते बघ.

दीडपट वेगाबद्दल घाबरू नकोस. यावर तू अपराधी वाटल्यासारखं लिहिलंयस, पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं, की दुप्पट वेगापर्यंत रेकॉर्डेड लेक्चर बघितल्याने आकलनात फारसा फरक पडत नाही. त्यापुढे पडू लागतो. फक्त गणिताच्या मांडणीच्या जागी वेग कमी कर. वाचलेला वेळ कोऱ्या कागदाला दे म्हणजे झालं. आणि लांबलचक रेकॉर्डिंग एका बैठकीत संपवायचा अट्टहास कशाला? फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरची सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली, त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांपर्यंतच त्यात टिकताना दिसले. आता सहा मिनिटांचं लेक्चर कुणी देणार नाही आणि देऊही नये, पण आपण ते मध्ये तोडून बघू शकतो. वर्गात सरांना "थांबा जरा" म्हणायची चोरी असते. इथे पॉजचं बटण तुझ्या हातात आहे. ऑनलाइन शिक्षणाचा खरा फायदा मला तरी हाच वाटतो, आणि बहुतेक जण ते बटण फक्त फोन आला की वापरतात.

मैत्रिणीच्या एआयकडे येऊ. तिचं खरं आहे, उत्तर मिनिटात मिळतं. अडचणही तीच आहे. तुर्कीतल्या एका शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. ती शाळकरी मुलं होती, तू विद्यापीठात आहेस, पण डोकं सगळ्यांचं सारखंच चालतं. ज्यांना सराव करताना साधा चॅटबॉट दिला, त्यांची सरावाची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली. ज्यांना चॅटबॉट कधी मिळालाच नव्हता, त्यांच्यापेक्षाही या मुलांचे गुण १७ टक्क्यांनी कमी आले. तिसऱ्या गटाला असा चॅटबॉट दिला होता की जो थेट उत्तर न देता फक्त इशारे द्यायचा. त्यांचं असं नुकसान जवळजवळ झालं नाही. त्यामुळे वापरायचाच तर त्याला परीक्षक कर. "मी उत्तर लिहिते, कुठे चुकलं तेवढं सांग, पूर्ण उत्तर देऊ नकोस" अशी सूचना दे. किंवा "मला या धड्यावर एकेक प्रश्न विचार" म्हण. तो काय सांगतो ते पाठ्यपुस्तकाशी ताडून बघ, कारण चुकीचं उत्तरही तो तितक्याच ठाम सुरात देतो. असाइनमेंटमध्ये एआय कितपत चालतो याचे नियम विषयागणिक वेगळे असू शकतात, ते आधी विचारून घे. नापास झाल्याच्या दुःखावर कॉपीच्या चौकशीची भर नको.

आता ती स्मशानशांतता. तुझ्या पत्रातलं खरं दुखणं हे आहे असं मला वाटतं, गुण त्यानंतर. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये म्हटलं होतं, की शिकणाऱ्याचा संवाद तीन ठिकाणी व्हावा लागतो: मजकुराशी, शिक्षकाशी आणि बरोबरच्या शिकणाऱ्यांशी. तुझ्याकडे सध्या फक्त पहिला आहे, तोही एकतर्फी. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेतले, तेव्हा इंटरनेट नव्हतं. बीबीसीवरचे कार्यक्रम आणि टपालाने येणारी पुस्तकं, एवढंच साहित्य. पण गृहपाठावर शेरे लिहून तो परत पाठवणारा ट्यूटर होता, आणि उन्हाळ्यात सगळ्यांनी एकत्र येऊन शिकायची शिबिरं होती. याउलट २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सगळ्यांना मोफत खुला केला. नावं नोंदवली सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी. शेवटपर्यंत गेले वीस हजारांहून थोडे जास्त. फुकट होतं म्हणून नुसतं डोकावायला आलेले त्यात पुष्कळ असणार, हे मान्य. तरी तुला "ऑनलाइन हा माझा पिंडच नाही" असं वाटतं, तेव्हा हे आकडे आठव. एकट्याने स्क्रीनसमोर बसून टिकणं बहुतेकांना जड जातं.

शांतता मोडायला कुणाची तरी वाट बघत बसू नकोस, आणि सगळ्या वर्गाला बोलतं करायचा विडाही उचलू नकोस. दोन माणसं शोध. लाइव्ह तासाला चॅटमध्ये चुकूनमाकून काहीतरी लिहिणारं कुणी असतंच, किंवा फेरपरीक्षेला बसणारं दुसरं कुणी असेल. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास कॉल. नियम एकच: प्रत्येकाने एक गणित, न बघता, बाकीच्यांना समजावून सांगायचं. वर्गाचा मोठा ग्रुप यासाठी कामाचा नाही, तिथे "डेडलाइन कधी आहे?" याखेरीज दुसरा विषय नसतो.

चर्चेच्या पानावर कुणी बोलत नाही याचं एक कारण असंही आहे, की तिथे प्रश्न फार मोघम पडतात. "सर, चौथं लेक्चर समजलं नाही" याला सर काय उत्तर देणार? पुन्हा बघ म्हणतील. त्यापेक्षा असं लिहून बघ: "सर, चौथ्या लेक्चरमध्ये १८ मिनिटं २० सेकंदांवर तुम्ही वर्गमूळाने भागलंत. नमुना चौपट केला तर एरर पाव होईल असं मला वाटलं होतं, पण ती निम्मी येते. आकडे कळले, पण वर्गमूळ येतंच कुठून ते कळलं नाही." नेमकी जागा, आपला तर्क आणि अडलं कुठे, एवढं असलं की उत्तर द्यायला दोन मिनिटं पुरतात, आणि दोन मिनिटांची उत्तरं माणसं देतात. शिवाय असा प्रश्न वाचून आणखी दोघं-तिघं तरी मनात म्हणतील, "अरे, मलाही हेच विचारायचं होतं."

कॅमेऱ्यांबद्दल मी तुझ्या वर्गाला फार दोष देणार नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या एका पाहणीत विद्यार्थ्यांनी कॅमेरा बंद ठेवण्याचं जे कारण सर्वांत जास्त सांगितलं ते होतं, आपण कसे दिसतोय याची काळजी. मागे कोण दिसेल, खोली कशी दिसेल, इंटरनेट टिकेल का, ही कारणंही होतीच. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणं मांडली, त्यात सतत स्वतःचा चेहरा समोर दिसणं हे एक होतं. तो आपल्यापुरता लपवायची सोय असते; लपवून टाक. कॅमेरा लावणं जमत नसेल तर नको लावूस, पण तासाला एक प्रश्न चॅटमध्ये लिहायचाच असं ठरव. रिकाम्या काळ्या चौकटींकडे बघत शिकवणाऱ्या माणसाचंही थोडं बघ. तोही पलीकडे एकटाच बोलत असतो.

घरच्यांना काय सांगायचं? "डिजिटल नेटिव्ह" ही कल्पना मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये मांडली: या तंत्रज्ञानात वाढलेली मुलं वेगळ्याच पद्धतीने विचार करतात, शिकतात. ऐकायला झकास होती, म्हणून पसरली. नंतरच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा अशी एकसंध पिढी काही सापडली नाही. मोबाइल झरझर चालवता येणं आणि मोबाइलवरून संख्याशास्त्र शिकता येणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. पण हे सगळं घरी समजावत बसू नकोस. कोऱ्या कागदावर घातलेला दीड तास त्यांना दिसला की प्रश्न आपोआप कमी होतील. मोबाइलकडे बघणारी मुलगी अभ्यास करते आहे यावर कुणाच्याही घरी विश्वास बसत नाही!

सगळी जबाबदारी मी तुझ्या गळ्यात टाकते आहे असं वाटू देऊ नकोस. सत्तर मिनिटांचं सलग रेकॉर्डिंग, त्याला ना मथळे ना सबटायटल. साहित्य एकीकडे, सूचना ईमेलवर, गुण तिसऱ्याच पानावर. चुकलेल्या क्विझवर "चूक" याखेरीज एक शब्द नाही. असं असेल तर ते वाईट काम आहे आणि ते विद्यार्थ्याच्या जिद्दीने भरून काढायची अपेक्षा ठेवणं चूक आहे. सबटायटल म्हणजे चैन नव्हे. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना त्याशिवाय शिकताच येत नाही, आणि परक्या उच्चारातलं लेक्चर ऐकणाऱ्या प्रत्येकाचा जीव त्याने हलका होतो. हे सांग, आणि सत्राच्या मध्यावर सांग. सत्र संपल्यावर जो अभिप्रायाचा फॉर्म येतो, त्याचा उपयोग झाला तर पुढच्या बॅचला होतो. एकटीने तक्रार करण्यापेक्षा त्या दोघांना बरोबर घेऊन तीन सह्यांचा छोटा ईमेल लिही, त्यात एकच मागणी ठेव: रेकॉर्डिंगचे भाग पाडून त्यांना नावं द्या. हे तासाभराचं काम आहे, नाही म्हणणं अवघड जातं.

सहा आठवड्यांचं बोलू. सगळी रेकॉर्डिंग पहिल्यापासून पुन्हा बघायला सुरुवात करण्याचा मोह होईल, कारण त्यात हिरवी अक्षरं आहेत आणि त्रास नाही. ते करू नकोस. मागच्या परीक्षेचा पेपर आधी समोर घे आणि पुस्तक बंद ठेवून सोडव, जिथे अडशील तिथे खूण कर. व्हिडिओ बघायचे ते फक्त त्या खुणांचे, वर सांगितलं तसे, थांबत थांबत. पहिल्या आठवड्यात जे सोडवलंस ते तिसऱ्यात कोऱ्या कागदावर पुन्हा, आणि पाचव्यात आणखी एकदा. मध्ये थोडं विसरायला वेळ मिळायलाच हवा, कारण विसरलेलं ओढून आणण्यातच ते पक्कं होतं. शेवटच्या आठवड्यात घड्याळ लावून दोन पूर्ण पेपर, फोन दुसऱ्या खोलीत. उत्तरपत्रिका बघायला मिळत असेल तर अर्ज करून बघ. पान कोरं राहिलं असं तुला आठवतंय, पण कदाचित दोन-तीन पायऱ्या बरोबरही निघतील, आणि कुठून पुढे जायचं ते कळेल.

आणि फेरपरीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख आजच बघून कॅलेंडरमध्ये टाक. पोर्टल तिची आठवण करून देईल, या भरवशावर राहू नकोस.

तुझी,
ताई